मफलरला तेवीस गाठी

...आणि वर मला विचारतो काय, "अरे, टायरची हवा बघितलीस ना रं?" बघितलीस ना रं! मला! अहो, माझे स्वतःचे दोन ट्रेलर हायेत, उरणला बंदरावर चालतात, त्यांच्यावर दोन ड्रायवर हायेत, आणि रोज सकाळी चहा प्यायच्या आधी मी त्या ड्रायवरांना फोन लावून विचारतो, हवा बघितलीस ना रं? तो माझा डायलॉग हाय! माझा डायलॉग माझ्याच तोंडावर, आणि तो पण कुठं, तर हिमाचलात, उणे चार डिग्रीत, नाकाचा शेंडा जाग्यावर हाय का गळून पडला ते मी हात लावून बघतोय तेव्हा! तुम्हाला सांगतो, मी काय बोललो? काय नाय बोललो. मफलरला एक गाठ मारली.

आता हा विचारणारा कोण, तर मितेश. माझा साडू. माझ्या बायकोच्या, हेमालीच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. धाकट्या! हा शब्द नीट ऐकून घ्या, कारण सगळं भांडण त्या शब्दाचं हाय. म्हणजे त्या घरातला थोरला जावई कोण? मी. सासऱ्याच्या पानाशेजारी पान कुणाचं? माझं. मटणातली नळी पहिली कुणाच्या ताटात? माझ्या! बारा वर्षं ती नळी मी सोडलेली नाय, आणि हा खारघरचा फ्लॅटवाला मला रस्त्याच्या कडेला उभा करून टायरची हवा विचारतो.

आणि गाठ म्हणजे काय ते पण सांगतो, नायतर तुम्ही म्हणाल याला थंडी डोक्यात गेली. आमचा बाबा मिठागरावर राबला सगळा जन्म, धरमतरच्या खाडीला. लिहायवाचायच्या नावानं शून्य, पण कुणी वाकडं बोललं ना, तर तिथल्या तिथं खांद्यावरच्या टॉवेलच्या दशीला गाठ मारायचा. तोंडातून एक शब्द नाय. नुसती गाठ. आणि त्या माणसाचं उट्टं काढलं की त्याच्यासमोर उभा राहून गाठ सोडवायचा, सावकाश, दातांनी. बाबा गेला तेव्हा टॉवेलला एक पण गाठ नव्हती. असा माणूस! तर ही आमच्या घरची पद्धत. हेमालीनं जायच्या आधी अलिबागच्या बाजारातून मफलर आणला, लाल, दोन्ही टोकांना भरपूर दशा. तिला वाटलं थंडीसाठी. मी दशा मोजून घेतल्या, एक टोक मितेशचं, दुसरं बाकीच्यांचं.

तर हे सगळं सुरू झालं भाऊबीजेला. मितेशनं नवी गाडी घेतलेली, ही एवढी उंच, आमच्या मेव्हणीला, अमिषाला, आत चढायचं म्हणजे झाडावर चढल्यासारखं चढावं लागतं. मला म्हणतो, "नामाभाऊ, डिसेंबरात बर्फ बघायला जाऊ, बाय रोड! तुम्ही नि मी, आलटून पालटून चालवू." नामाभाऊ! तुम्ही! कसं गोड वाटलं मला ते... आलटून पालटून! अहो, खारघरवरून निघालो, मनोरला वडापाव खायला थांबलो, तिथं मी स्टेअरिंगवर बसलो आणि हा मागं जो आडवा झाला, तो थेट राजस्थानात उठला, "आलं काय?" आलटून झालं, पालटून राहिलंच! आणि गंमत बघा, खारघरला मी नामाभाऊ होतो. राजस्थानात भाऊ गळून पडलं, राहिला नामा. चंदीगड येईपर्यंत नामा पण गेला, नुसतं "अरे". अरे, एसी कमी कर. अरे, खड्डा बघ. अरे, जरा गाणं बदल. चंदीगडपर्यंत मफलरला पाच गाठी.

एक सांगायचं राहिलं. मीठ! निघताना आमच्या आयनं, कमळाबाईनं, गाडीत पाच किलोची थैली टाकली, जाडं मीठ, आपल्या आगरातलं. तिचा नियम हाय, लांब जायचं तर आपलं मीठ बरोबर पायजे. "पोरा, परक्या मुलखात जेवणाला चव लागली नाय तं?" मितेश पोट धरून हसला. "काकी, मी हॉटेल बुक केलंय, मिठागर नाय!" आणि माझ्याकडं वळून, "ते पोतं मागं टाक, कुठंतरी स्टेपनीखाली, नवीन गाडी हाय, खारट वास नको." मिठाला वास! मिठागरवाल्याच्या पोराला सांगतोय, मिठाला वास! आयच्या समोर! ती गाठ मी त्याच्या टोकाच्या मधोमध, दोन दशा एकत्र करून, डबल मारली.

मग ते डोंगर आले. आपल्याकडं आपण कार्ले खिंडीला खिंड म्हणतो, तिकडच्या लोकांनी कार्ले खिंड बघितली तर म्हणतील, हा स्पीडब्रेकर हाय काय? तिकडं खिंडीला 'जोत' म्हणतात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला... दुसऱ्या बाजूला काही नायच! खाली नदी, दोऱ्याएवढी. मी देवाचं नाव घेत गाडी घालतोय, आणि मागून साडूची कॉमेंट्री, "अरे, जरा कडेनं घे ना, व्ह्यू दिसत नाय." कडेनं? अरे, कडा संपली तिथं! आणखी दोन इंच कडेनं घेतली असती तर व्ह्यूमध्येच राहायला गेलो असतो सगळे! खरं सांगू? एक क्षण मनात आलं पण. पण मग मागं हेमाली बसलेली.

पहिल्या जोतीवर पोचलो आणि समोर सगळं पांढरं. इथून तिथून पांढरं, वर ऊन, नजर ठरत नाय. मी दार उघडलं, खाली उतरलो, आणि आता तुम्ही हसू नका... उतरलो आणि चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं. हात आपोआप गेला हो! लहानपणापासून पांढरी रास दिसली की चाखायची, कडू हाय का, पिकलंय का, पावसाचं पाणी लागलंय का, बाबानं हेच शिकवलं. डोक्याला माहीत होतं बर्फ हाय, जिभेला कुणी सांगितलंच नाय! आणि मितेश! कॅमेरा चालूच त्याचा. "बघा बघा, याला वाटलं मीठ हाय! अरे, पोत्यात भरून ने, गावाला वीक!" अमिषा हसली. हेमाली पण हसली, तोंडावर पदर घेऊन, पण हसली. मितेशची एक गाठ, अमिषाची एक, आणि बायकोची एक... ती जरा सैल मारली. घरी परत जायचं होतं.

पण हे सगळं फुटकळ हो. खरं पुढं. हॉटेल दुसऱ्या जोतीच्या पायथ्याला. काउंटरवर मॅनेजर, ठाकूर म्हणून, भला माणूस, चाव्या देतोय. एक चावी बायकांच्या खोलीची, एक मितेशच्या खोलीची. त्याला वेगळी खोली लागते, घोरतो ना तो. मी हात पुढं करून उभा. ठाकूर म्हणतो, "ड्राइवर साहब, आपका पीछे है, किचन के बगल में." मी मागं वळून बघितलं, कुठला ड्रायवर आला आणखी? कोणी नाय! मी! मितेश माझ्या कानात, "अॅडजस्ट कर ना यार, ड्रायवर लिहिलं की खोली फुकट हाय, जेवण पण." हसून डोळा मारला वर! थोरला जावई! हॉटेलच्या रजिस्टरात, शाईनं, ड्रायवर! मी हेमालीकडं बघितलं. ती म्हणाली, "अहो, दोन रात्रींचा तर प्रश्न हाय." बायकोच्या दुसऱ्या गाठीला मात्र मी सैल सोडलं नाय.

आणि तेवढ्यावर थांबलं काय? ठाण्याचं एक जोडपं आलेलं, मोठी माणसं, मितेशला त्यांच्यासमोर फार मोठं व्हायचं. "आमचा ड्रायवर एकदम घरचा हाय हो," म्हणतो, "लहानपणापासून आमच्याकडंच." लहानपणापासून! अहो, याच्या लग्नात वरातीच्या घोड्याचा लगाम मी धरलेला, हा पडेल म्हणून! त्या ठाण्याच्या बाईंनी माझ्याकडून तीन बॅगा जिन्यावरून वर नेऊन घेतल्या, आणि जाताना पर्समधून बिस्किटांचा अर्धा पुडा काढला, रबर लावलेला. "घ्या, चहाबरोबर होतील तुम्हाला." मी घेतला. दोन्ही हातांनी घेतला. घेतल्यावर कळलं की घेतला! त्या पुड्याच्या मी चार गाठी मारल्या.

त्या ड्रायवरांच्या खोलीचं पण ऐकाच. माणसानं राहायची जागा काय ती? आठ गाद्या जमिनीवर, रजया ढिगानं, मधे लोखंडी शेगडी, बुखारी म्हणतात तिला, रात्रंदिवस लाकडं घातलेली... म्हणजे गरम होतं, ते जाऊ द्या. त्यात किचनची भिंत लागून, तंदूरची. पाठ टेकली की आपोआप शेक बसतो. तेही जाऊ द्या. तिथं एक म्हातारा ड्रायवर, सगळे त्याला चाचा म्हणायचे. त्यानं मला बघितलं, काही विचारलं नाय, बाजूला सरकला, राजमा-भाताचं ताट पुढं केलं, वर तूप. मला म्हणतो, "बेटा, तुम्हारा साहब अच्छा है, कमरा दिलवाया. पिछले हफ्ते एक पार्टी आई, ड्राइवर को गाड़ी में सुला दिया." मी ताट खाली ठेवलं. कारण माझे दोन ड्रायवर कुठं झोपतात? केबिनमध्ये. जाऊ द्या. विषय तो नाय. विषय हा की थोरला जावई शेगडीजवळ पडलेला, आणि तिकडं मितेश साहेब बनून खोलीत! मी त्या उबेत पडल्या पडल्या ठरवलं, याला सोडायचा नाय.

दुसऱ्या दिवशी जोत. खाली एक माणूस बर्फात घसरू नये म्हणून टायरला लावायच्या चेन भाड्यानं देत होता, मी म्हटलं घेऊ या. मितेश त्या ठाणेवाल्यांच्या देखत म्हणतो, "चेन कशाला? अपना ड्रायवर एक्स्पर्ट है!" बरं. एक्स्पर्टनं गाडी वर नेली. बर्फ बघून झाला, फोटो झाले, आणि उतरताना याला हुक्की आली, "मी चालवतो, अमिषा, व्हिडिओ काढ!" मी म्हटलं, "मितेश, सावलीतला रस्ता हाय, काच झालीय नुसती, ब्रेक मारू नको." पहिल्याच वळणावर त्यानं काय मारला? ब्रेक! गाडी अशी वळली, सावकाश, मस्त, नवरी वळते तशी, आणि मागचं चाक डोंगराकडच्या चरात. बायका किंचाळल्या. बरं डोंगराकडं गेली, नायतर आज हे सांगायला कोण होतं? आता बर्फात चाक फिरतंय, फिरतंय, गाडी जाग्यावर. मागं ठाणेवाल्यांची गाडी थांबली, तिच्या मागं आणखी सहासात. ठाण्याचे साहेब उतरले, "काय झालं हो?" आणि मितेश, अजून सीटवरून पूर्ण उतरला पण नाय, एक पाय आत, म्हणतो, "काय सांगू साहेब, ड्रायवरनं घाण केली."

तुम्हाला सांगतो... मी काय बोललो? काय नाय बोललो. मफलरला गाठ मारायला गेलो, आणि बघतो तर दशा संपलेल्या! मितेशच्या बाजूचं टोक पूर्ण गाठींनी भरलेलं, तेवीस! गाठ मारायला जागाच नाय! आता काय करायचं? बाबाच्या टॉवेलवर ही वेळ कधी आली नव्हती.

मी गाडीच्या मागं गेलो. डिकी उघडली, स्टेपनीखालून आयची मिठाची थैली ओढून काढली, रस्त्याच्या मधोमध ठेवली, आणि तिच्यावर बसलो.

अमिषा म्हणाली, "भाऊजी, हे काय?" मी म्हटलं, "मीठ. बर्फावर टाकलं की बर्फाचं पाणी होतं. लग्नात पॉटचं आइस्क्रीम फिरवताना बघितलं नाय काय? पंधरा मिनिटांत गाडी बाहेर." मितेश म्हणाला, "मग टाक ना!" मी म्हटलं, "टाकतो. आधी या साहेबांना सांग, मी कोण."

"अरे, आता काय हे..."

"मी कोण?"

हेमाली आली, "अहो, उठा, लोक बघतात." मी म्हटलं, बघू देत, त्यासाठीच बसलोय! वारा सुटला. ऊन डोंगराआड गेलं. मागं हॉर्न वाजायला लागले. माझ्या बुडाखाली पाच किलो गारठा, पण उठलो नाय. वीस मिनिटं झाली, पाऊण तास झाला, मितेशचे ओठ वांग्यासारखे झाले. शेवटी तोंड उघडलं, इतकं हळू, "हे... आमच्या नात्यातले हायेत." कुठल्या नात्यातले? "साडू." कितवे? "मोठे." मी म्हटलं, मागच्या गाडीपर्यंत ऐकू गेलं नाय!

आणि मग तो ओरडला. खरंच ओरडला, रडवेला होऊन, "हे माझे मोठे साडू हायेत हो! थोरले जावई हायेत! मनोरपासून गाडी यांनी आणली, आणि चरात मी घातली!" समोरचा डोंगर तीनदा म्हणाला, मी घातली, घातली, घातली... तुम्हाला सांगतो, एवढं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाय. ठाण्याच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. "अय्या! आणि मी यांना अर्धा पुडा दिला!"

उठलो. थैली फाडली, दोन्ही चाकांखाली मूठमूठ मीठ पेरलं, शेतात बी पेरतात तसं नाय, रागानं. बर्फ चुरचुरला, खचला, पाणी झालं, खाली डांबर दिसलं. पायाखालचे रबरी मॅट चाकांना लावले, पहिला गिअर, पायाचं वजन नुसतं अंगठ्याचं... आणि गाडी अशी बाहेर! टाळ्या! मागच्या दोन गाड्या पण आयच्याच मिठावर निघाल्या. मग मी चाकाखालचा तो चिखल चिमटीत घेतला, मितेशसमोर धरला आणि म्हटलं, "घे, आता चाख. आता खारट हाय." त्यानं चाखलं हो! सगळ्यांदेखत चाखलं. आणि मी त्याच्यासमोर उभा राहून गाठी सोडवल्या. सावकाश. दातांनी. तेवीसच्या तेवीस.

आता इथं संपायला पायजे होतं ना? बाबाचं इथं संपायचं. पण माझं कुठलं हो एवढं नशीब! हॉटेलात परत आलो, अंधार पडायला लागलेला, आणि त्या मितेशला आता चांगुलपणाचा झटका आला. काउंटरवर गेला आणि स्वतःहून ठाकूरला म्हणाला, "ये ड्राइवर नहीं हैं. मेरे बड़े साढू हैं." ठाकूर उभाच राहिला. कानाला हात लावले. "अरे राम राम! साहब, हमसे बड़ी गलती हो गई! मेहमान को ड्राइवर के कमरे में सुला दिया!" रजिस्टर काढलं, ड्रायवर खोडलं, वर लिहिलं 'जीजाजी'. माझी बॅग स्वतः उचलली आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवली. माझ्या म्हणजे कुठल्या? हॉटेल फुल! मितेशच्या!

अहो, ती साहेबांची खोली! काचेची भिंत, व्ह्यूसाठी. व्ह्यू आत येत होता सगळा, वाऱ्यासकट! गीझर गोठलेला. नळाला बर्फाची सुपारी लटकलेली. शेगडी? "साहब, गेस्ट रूम में धुआँ अच्छा नहीं लगता." दोन माणसांत एक पलंग, आणि पलंगावर साडू, आधीच घोरायला लागलेला, जुनी लाँच धक्क्याला लागते तसा, आणि झोपेत पण काय म्हणतो? "नामाभाऊ, तुम्ही भिंतीकडं झोपा, तुमचा मान हाय." भिंतीकडं! काचेच्या! मी दोन स्वेटर घातले, मफलर गुंडाळला, मफलरची बिनगाठीची मोकळी दशी वाऱ्यावर माझ्याच नाकात हुळहुळायला लागली, आणि खालून, मागच्या बाजूनं, राजम्याला तुपाची फोडणी बसल्याचा वास आला.

साडेसातच वाजले होते. बसलो. विचार केला. थोरला जावई मी. सासऱ्याच्या पानाशेजारी माझं पान. अख्ख्या डोंगराकडून वदवून घेतलेलं. रजिस्टरात खोडून लिहिलेलं... मग मफलर काढला, एक दशी निवडली आणि गाठ मारली. स्वतःच्या नावाची.

आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो, किचनच्या मागं गेलो, त्या गरम दाराला हात लावला आणि हळूच टकटक केलं. आतून चाचा ओरडला, "कौन है भाई?"

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, नात्यातलं कोणी नव्हतं. म्हटलं, "ड्रायवर."